'मोअर दूध' म्हणणारी लेक

ताई, माझी मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची आहे. आम्ही वाकडला राहतो, दोघंही नोकरी करतो. तिला सांभाळायला सासूबाई अक्कलकोटजवळच्या गावाहून येऊन राहिल्या आहेत. जूनपासून ती प्लेग्रुपला जाते. दिवाळीआधीच्या मीटिंगमध्ये टीचर म्हणाल्या, की मुलगी मागे आहे, पंधराच शब्द बोलते, 'मोअर दूध' असं काहीतरी मिसळून बोलते. दोन भाषांमुळे तिचा गोंधळ होतोय, घरी फक्त इंग्लिश बोला. तेव्हापासून आम्ही ठरवून इंग्लिशच बोलतो. सासूबाईंना इंग्लिश येत नाही, म्हणून त्यांना 'कम', 'ईट', 'स्लीप', 'गुड गर्ल' असे शब्द शिकवले. त्या फोनवर बहिणीशी कानडीत बोलतात, तेही मुलीसमोर नको म्हटलं. संध्याकाळी दोनेक तास टॅबवर इंग्लिश ऱ्हाइम्स लावून देतो. मुलगी आधीपेक्षा गप्प झाली आहे. आई तर जवळजवळ बोलतच नाहीत. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, "मला गावाला सोडून या. लेकराशी बोलायचंच नाही तर मी इथं काय करू?" नवरा माझ्यावर चिडलाय. पण ताई, मी मराठी माध्यमात शिकले. कॉलेजात कॅम्पस मुलाखतीला उत्तर येत होतं, इंग्लिशमध्ये वाक्य जुळलं नाही. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. ते मी विसरलेले नाही. माझ्या मुलीवर ती वेळ नको. एकच भाषा नीट येणं बरं, की दोन अर्धवट? मी काय करू?
— एक आई, वाकड


प्रिय मैत्रिणी,

उत्तर आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. आज संध्याकाळी घरी गेल्यावर मुलीशी मराठीत बोला. आईंना मराठीत बोलू द्या, कानडीतही बोलू द्या. टॅब कपाटात ठेवा. आणि येत्या पंधरा दिवसांत मुलीचे कान तपासून घ्या. या चार गोष्टी पुढे ढकलू नका. बाकीचं सावकाश झालं तरी चालेल.

आता 'मोअर दूध'. टीचरना त्यात गोंधळ दिसला. मला तुमच्या सगळ्या पत्रात तेवढीच आनंदाची बातमी दिसली. तुमच्या लेकीनं दोन शब्द जोडलेत! एक बहुधा प्लेग्रुपच्या खाऊच्या वेळी उचलला, दुसरा आजीकडून घेतला आणि दोन्ही मिळून हवं ते मागितलं. वाक्य याहून वेगळं काय करतं? दोन शब्दांची जोडी हा बोलायला शिकण्यातला मोठा टप्पा आहे, आणि ते शब्द एकाच भाषेतले असावेत अशी त्याला अट नाही. आपण मोठी माणसं दिवसभर 'मीटिंग पुढे ढकलली', 'गाडी पार्क केली', 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणत असतो. तेव्हा आपला गोंधळ झालाय असं कोणी म्हणत नाही.

मॉन्ट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांचं बोलणं तपासलं होतं. या घरांत आईची भाषा एक, वडिलांची दुसरी. मुलं दोन्ही मिसळत होती, पण आईशी बोलताना आईची भाषा जास्त वापरत होती आणि वडिलांशी बोलताना वडिलांची. कोणाशी काय बोलायचं याचा अंदाज इतक्या लहान वयात येतो. तुमची लेक आजीकडे वळून 'ये' आणि टीचरकडे वळून 'कम' म्हणते का, ते लक्ष ठेवून बघा.

टीचरनी पंधरा शब्द मोजले, ते इंग्लिश. जी भाषा ऐकत ती दोन वर्षं वाढली, ती मोजलीच नाही. एका खिशातले पैसे मोजून माणसाला गरीब ठरवण्यातला हा प्रकार आहे. तुम्ही फ्रिजवर एक कागद लावा आणि पंधरा दिवस ती जे जे म्हणते ते त्यावर लिहा. 'पाणी' लिहा, 'माऊ', 'काऊ', 'भुर्र', 'मम्मं', 'बाऊ झाला' सगळं लिहा. उच्चार अर्धवट असला तरी चालेल. दर वेळी त्याच गोष्टीसाठी तोच आवाज काढत असेल, तर तो तिचा शब्द आहे.

हा कागद हवा, कारण तुमची काळजी मी उडवून लावत नाही. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि दोन-दोन शब्दांच्या जोड्या यायला हव्यात. घरात एक भाषा असो की दोन, हे माप बदलत नाही. फक्त दोन असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र धरायचे. तुमच्या कागदावर पन्नासच्या आत शब्द आले, हाक मारल्यावर ती वळून बघत नसेल, हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नसेल, किंवा आधी येणारे शब्द आता गेले असतील, तर थेट स्पीच थेरपिस्टकडे जा. ती आधीपेक्षा गप्प झाली आहे असं तुम्ही लिहिलंत, ते मला टोचलं. घरातलं बोलणंच आटलं म्हणून ती गप्प झाली असेल, हे अगदी शक्य आहे. पण तेवढ्यावर विसंबून राहायला नको. या वयात सर्दी साचून कानात पाणी राहतं आणि मुलाला अर्धवट ऐकू येतं. घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. त्यामुळे कानाच्या डॉक्टरकडून श्रवणाची तपासणी आधी. लागली तर बेरा टेस्टही होते, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात, आणि ती दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून हेच काम करते आहे, पण तुम्हाला पुण्यातच चांगले तज्ज्ञ मिळतील.

आणि समजा, तपासणीत खरंच काही निघालं, तरी मराठी बंद करण्याचं ते कारण होत नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांचा कॅनडात अभ्यास झाला. दोन भाषांत वाढणारी अशी मुलं, एकाच भाषेत वाढणाऱ्या तशाच मुलांच्या मागे पडली नव्हती. बोलायला उशीर झालेल्या मुलाला शब्द जास्त लागतात, माणसं जास्त लागतात. त्याच्याभोवतीची निम्मी माणसं मुकी करून त्याला कशी मदत होईल?

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण उलट सल्ला मी स्वतः दिलेला आहे. वाचादोष आणि उशिरा बोलणारी मुलं या कामात माझी तीस वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात आम्हाला हेच शिकवलं जाई, की मूल मागे असेल तर एकच भाषा ठेवा. सोलापूरहून पुण्यात आलेलं एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. घरात तेलुगू, पिढ्यान् पिढ्या विणकाम करणारी माणसं. मुलगा अडीच वर्षांचा. मी त्या आईला सांगितलं, तेलुगू थांबवा, मराठीच बोला. तिनं माझं ऐकलं. पण तिची मराठी बाजारापुरती होती. मुलाशी बोलायला तिच्याजवळ 'खा', 'बस', 'नको', 'चल' एवढंच उरलं. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा मुलगा होता तिथंच होता आणि आई माझ्यासमोर खाली मान घालून बसली होती. मुलाला गाणी म्हणता का, असं मी विचारलं, तर म्हणाली, मला मराठी गाणी येत नाहीत. त्या दिवशी मला माझी चूक कळली. पुढे मी तिला तेलुगू परत सुरू करायला सांगितलं, पण गेलेले सहा महिने मला तिला परत देता आले नाहीत. तुमच्या पत्रातले 'कम', 'ईट', 'स्लीप' वाचताना ती बाई डोळ्यांपुढे उभी राहिली.

दोन भाषांनी मुलं मागे पडतात हा समज फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या. बऱ्याचदा त्या मुलांना नीट न येणाऱ्या इंग्लिशमध्येच. घरी गरिबी, शाळा नवीन. मुलांना गुण कमी पडले आणि खापर फुटलं घरच्या भाषेवर. १९६२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. फक्त फ्रेंच बोलणारी एकीकडे, फ्रेंच आणि इंग्लिश दोन्ही बोलणारी दुसरीकडे, आणि घरची परिस्थिती मात्र सारखी. दोन भाषांची मुलं मागे नव्हती, उलट पुढे निघाली. त्यांनी निवडलेली मुलं दोन्ही भाषांत पक्की होती, त्यामुळे निकाल जरा जास्तच उजळ आला असेल. पण 'दोन भाषा म्हणजे नुकसान' या समजाचा पाया तेव्हाच ढासळला. सल्ला मात्र साठ वर्षांनंतरही मीटिंगमध्ये दिला जातोय.

आता आईंविषयी. तुम्हाला मला खरं तर इथेच सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

तुमच्या घरात दोन भाषा सहज, न अडखळता, कसलीही लाज न बाळगता बोलणारं माणूस कोण आहे? तुम्ही इंग्लिश मेहनतीनं मिळवली आणि अजूनही बोलताना मनात धाकधूक असते, हे पत्रातून दिसतं. बहिणीशी कानडी, घरात मराठी, आणि अक्कलकोटच्या बाजारात लागेल ती हिंदी बोलत आलेल्या आई या घरातल्या सगळ्यात मुरलेल्या द्विभाषिक आहेत. 'दोन भाषा नकोत' म्हणून आपण नेमकं त्यांनाच गप्प बसवलंय.

अक्कलकोट, जत, मिरज या पट्ट्यात हे नवल नाही. १९७१ मध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर एक निबंध प्रसिद्ध केला. तो जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत आजही शिकवतात. जैन आणि लिंगायत घरांत कानडी, मुसलमान घरांत उर्दू, काही घरांत मराठी, थोड्या घरांत तेलुगू. एकमेकांशी बोलताना बहुतेक वेळा मराठी. पिढ्यान् पिढ्या हे असं चाललं, इतकं की या भाषांची वाक्यरचना एकमेकींसारखी झाली. एका भाषेतल्या वाक्यातले शब्द काढून जागच्या जागी दुसऱ्या भाषेतले ठेवले तरी वाक्य उभं राहावं इतकी. आणि तरीही प्रत्येक घरानं घरातली भाषा घरात ठेवली. तिथं कुठल्या आईला कोणी सांगितलं नाही, की गावात मराठी लागते तर चुलीपाशी कानडी बंद कर.

आपली मराठीसुद्धा अशाच शेजारातून घडली आहे. अण्णा, अक्का, अप्पा हे कानडीकडून आलेले शब्द आपण परके मानत नाही. त्याहून मला मोलाचं वाटतं ते 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही जाऊ' म्हटलं तर ऐकणारा मागे राहतो, 'आपण जाऊ' म्हटलं तर तो बरोबर येतो. हिंदीच्या 'हम'मध्ये हे नाही, इंग्लिशच्या 'वी'मध्येही नाही. तमिळ-तेलुगूत आहे, आणि मराठीत हा भेद द्रविड भाषांच्या शेजारामुळे रुजला असं अभ्यासक मानतात. आजी 'आपण भुर्र जाऊ' म्हणते तेव्हा त्या 'आपण'मध्ये तुमची लेक असते. दोन वर्षांच्या मुलीला हे व्याकरण कोणी शिकवत नाही. आजीचं बोट धरून जिना उतरताना ते तिला कळतं.

ताटाशी काय घडतं ते बघा. आईंना आपण 'ईट' हा शब्द दिला. त्या 'ईट' म्हणतात, पोर तोंड उघडते, घास जातो. संपलं. त्याच आईंना त्यांच्या भाषेत भरवू द्या. "हा घास चिऊचा, हा काऊचा. थांब, गरम आहे, फुंकर मार. वरणात तूप घातलंय गं, वास बघ. हा कोणाचा? आत्याचा? आत्या कुठे राहते? लांब? मग तिला मोठा घास देऊ." एका जेवणात शंभरेक शब्द झाले. त्यांत वास आहे, नाती आहेत, लहान-मोठं आहे, प्रश्न आहे, थांबणं आहे. भाषा अशी शिकली जाते. 'एकच नीट की दोन अर्धवट' असं तुम्ही विचारलंत. अर्धवट भाषा म्हणजे हे 'ईट'. ती दोन भाषांमुळे अर्धवट राहिलेली नाही. बोलणाऱ्याला जी भाषा येत नाही तीच त्याच्या तोंडी दिल्यामुळे अर्धवट राहिली आहे.

हे तुमच्याबाबतही खरं आहे, रागावू नका. दिवसभर ऑफिसात तुम्ही चांगली इंग्लिश बोलत असाल. पण रात्री लेकीला ताप आला असताना तिच्या डोक्यावर हात फिरवत तुम्ही काय पुटपुटता? जी भाषा तेव्हा ओठांवर येते, तीच तिला द्या.

टॅबचं थोडक्यात सांगते. सिअ‍ॅटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली, बारा बैठकांत. काही बाळांसमोर चिनी बोलणारं जिवंत माणूस बसून खेळलं, गोष्ट सांगितली. काहींना तेच माणूस टीव्हीवर दाखवलं. पहिल्या गटातली बाळं चिनीतले ध्वनी ओळखायला शिकली. टीव्हीसमोर बसलेली काहीच शिकली नाहीत. तुमची लेक मोठी आहे, तिला पडद्यावरून दोन-चार शब्द मिळतीलही. पण रोजचे दोन तास फार झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि कमी तितकं बरं, असं सांगितलं आहे. शिवाय त्या दोन तासांत आई शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेल्या असतात. ज्या ऱ्हाइम्ससाठी आपण बोलकं माणूस बंद केलं, त्या तिच्याशी बोलत नाहीत.

आता तुमची भीती. मुलाखतीतलं ते हसणं मला वाचतानाही लागलं. उत्तर येत असताना तोंडातून निघू नये, आणि समोरच्यांनी त्यावर हसावं, ही साधी गोष्ट नाही. त्या माणसांचं वागणं वाईट होतं. पण त्या दिवशी नेमकं काय कमी पडलं? मराठी जास्त झाली म्हणून वाक्य अडलं नाही. इंग्लिश बोलायची संधी त्याआधी मिळालीच नव्हती, म्हणून अडलं. पुढे संधी मिळाली आणि तुम्ही शिकलात, आज त्या भाषेत नोकरी करता. विशीत जाऊन तुम्ही दुसरी भाषा कमावलीत, ती कशाच्या जोरावर? वाचायची सवय, मुद्दा मांडायची रीत, गणित समजून घ्यायची पद्धत हे सगळं मराठीत पक्कं झालेलं होतं. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून हेच मांडत आले आहेत, की एका भाषेत पक्कं झालेलं वाचन आणि विचार दुसऱ्या भाषेत उपयोगी पडतात, ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही.

आणि तुमच्या मुलीची गोष्ट तुमच्यासारखी नाहीच. तिला इंग्लिश तिसऱ्या वर्षाच्या आतच मिळते आहे. वाकडमध्ये ती लिफ्टमध्ये ऐकेल, बागेत ऐकेल, पुढे शाळेत रोज पाच-सहा तास ऐकेल. इंग्लिश तिच्या आयुष्यातून वाट चुकून जाणार नाही. मराठी जाऊ शकते, आणि तुमच्यासारख्या दोन मराठी माणसांच्या घरातूनही जाते, हे मी पाहिलं आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात अ‍ॅनिक द हाऊवर यांनी जवळपास १,९०० कुटुंबांची पाहणी केली आणि २००७ मध्ये ती प्रसिद्ध केली. या घरांत आई-वडिलांपैकी निदान एक जण तिथल्या डच भाषेखेरीज दुसरी एखादी भाषा बोलत होता. डच जवळजवळ सगळ्याच मुलांना येत होती. घरची दुसरी भाषा मात्र साधारण चारातलं एक मूल बोलतच नव्हतं. आई-वडील दोघंही घरात ती भाषा टिकवून होते तिथं ती बहुतेक मुलांच्या तोंडी होती. जिथं बाहेरची भाषा दोघांच्याही बोलण्यात शिरली, तिथं गळती जास्त.

तंजावरकडची मराठी माणसं आठवा. सतराव्या शतकात तिकडे गेलेली घराणी, भोवती सगळी तमिळ. अनेकांना देवनागरी वाचता येत नाही. तरीही तीनशे वर्षं मराठी राहिली, आणि ती ठेवली घरानं.

तुमच्या यजमानांना कायद्या-धोरणाची भाषा पटत असेल तर तीही सांगा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण असावं असं म्हटलं आहे, आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. म्हणजे इंग्लिश माध्यमात घातलंत तरी मराठी तिला शिकायचीच आहे. घरी बोलता येणारी भाषा शाळेत परकी म्हणून शिकायची वेळ तिच्यावर का आणायची?

मात्र एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. 'दोन भाषांनी मुलं हुशार होतात' असं तुम्ही पालकांच्या ग्रुपवर वाचाल. ते इतकं सरळ नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या ४,५२४ मुलांच्या माहितीवरून पाहिलं गेलं, तेव्हा लक्ष देणं, आवर घालणं अशा क्षमतांत दोन भाषांच्या मुलांना काही वेगळा फायदा दिसला नाही. शिवाय प्रत्येक भाषेतला शब्दसाठा काही वर्षं थोडा कमी असू शकतो, कारण दिवसाचे तास दोन भाषांत वाटले जातात. म्हातारपणाबद्दलचे अभ्यास मात्र मला विचार करायला लावतात. हैदराबादच्या निम्स या रुग्णालयात सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये तो अभ्यास आला. दोन भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि शाळेत न गेलेल्या माणसांतही हा फरक होता. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत असं दिसलं नाही, म्हणून मी त्याला वचन मानत नाही. पण आईंना फोनवर कानडी बोलायला बंदी घालायच्या आधी तो अभ्यास आठवावा, एवढं मला नक्की वाटतं.

मुलगी हुशार निघावी म्हणून मराठी ठेवू नका. तिला तिच्या आजीशी बोलता यावं म्हणून ठेवा. तुमच्याशी बारा-तेरा वर्षांची होऊन भांडताना तिला आणि तुम्हाला एकाच भाषेत रडता यावं म्हणून ठेवा.

रोजच्या वागण्याचं सांगते. 'मोअर दूध' म्हणाली की चूक दाखवू नका, 'मराठीत सांग' असा हट्टही धरू नका. "अजून दूध हवंय? घे, अजून दूध घे," एवढं म्हणा आणि दूध द्या. यजमानांना इंग्लिश चित्रपुस्तक वाचून दाखवायला आवडत असेल तर रात्री जरूर वाचू देत. दोघांनी भाषा काटेकोर वाटून घ्यायची गरज नाही. पाहुण्यांसमोर 'पोएम म्हणून दाखव' हे मात्र बंद करा. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, जिन्यावरून उतरताना हातात जे असेल त्याबद्दल बोलत राहा, आणि ती काहीही म्हणाली की थांबून ऐका. तीन महिन्यांत तिला मराठीची सवय मोडायला लावलीत, त्यामुळे सुरुवातीला ती बावचळेल. आठ-दहा दिवस जाऊ द्या.

टीचरशी भांडू नका. त्या बहुधा मनापासूनच सांगत होत्या. त्यांना लिहा: "आम्ही श्रवणतपासणी करून घेत आहोत. घरी ती मराठीत किती शब्द बोलते याची यादी सोबत देते. घरी आम्ही मराठीच बोलणार आहोत. शाळेत तुम्ही इंग्लिश बोलता, ती तिला तुमच्याकडून मिळू दे. तिनं 'पाणी' म्हणून पाणी मागितलं तर समजून घ्याल, ही विनंती." ऐकतील. नाही ऐकलं, तर पुण्यात प्लेग्रुप पुष्कळ आहेत.

आणि आईंकडे आजच जा. यजमानांना बरोबर घ्या, कारण गप्प दोघांनी मिळून केलंय. फार शब्द लागत नाहीत. "आई, आमचं चुकलं. तिला तुमचं बोलणं हवंय. गावाला जायचं म्हणू नका." लगेच हसतील असं नाही. तीन महिने आपल्याच नातीशी परक्या शब्दांत बोलावं लागलं, त्याचं दुखणं एका वाक्यानं जात नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही कामाला निघताना आतून 'चिऊचा घास' ऐकू आला, तर समजा सुरुवात झाली.

फ्रिजवरच्या कागदाला तीन रकाने करा: मराठी, इंग्लिश, कानडी. तिसरा आईंकडून भरून घ्या. दुधाला 'हालु', पाण्याला 'नीरु', 'ये'ला 'बा', एवढे तर पहिल्या आठवड्यातच येतील. एखाद्या सकाळी 'मोअर हालु' ऐकू आलं तर घाबरू नका, मला कळवा. आणि 'आज्जी' हा शब्द कोणत्या रकान्यात लिहायचा, हे आईंनाच ठरवू द्या. तो दोन्हीकडे चालतो.